झाकणावरची खूण

“अठ्ठावन्न पण मुकीच. मेलीला तोंडच नाही,” रुई-लिन पुटपुटली. मग जरा वेळाने, “आणि हा बूट कुणाचा? माझा पाय छत्तीस, हा एक्केचाळीस. सात वर्षांत या लॅबला माझ्या पायाचं माप कळलं नाही.”

आमची कपडे बदलायची खोली इतकी अरुंद आहे की दोघी एकदम वाकल्या तर एकीचं ढोपर दुसरीच्या पाठीत रुततं. तेव्हा न ऐकल्यासारखं करायची सोय नव्हती.

“बूट आण इकडे,” मी म्हटलं. “आणि चिपला शिव्या देऊ नकोस. ऐकतात त्या.”

“ऐकत असत्या तर बोलल्या नसत्या का, ताई?”

त्यावर माझ्याकडे उत्तर होतं. तीन वर्षं होतं. मी तिच्या मापाचा बूट शोधायला लागले.

मुकी म्हणजे काय, ते सांगते. चिपच्या पोटात हल्ली तारांची इतकी दाटी झाली आहे की या कोपऱ्यातला निरोप त्या कोपऱ्यात पोचेपर्यंत अर्धी वीज रस्त्यातच उष्णता होऊन जाते. आमच्या च्वांग सरांचं म्हणणं, तारा हव्यात कशाला, हवेतून बोला. चिपच्या एका टोकाला कार्बनच्या नळ्यांची जुडी, दुसऱ्या टोकाला तशीच दुसरी. एकीने बोलायचं, दुसरीने ऐकायचं. या नळ्या म्हणजे, केसाचे पन्नास हजार उभे चिरे केले तर त्यातला एक. सरांनी या कल्पनेवर एकोणीस वर्षं घालवली, केस घालवले आणि, लोक म्हणतात, बायकोही घालवली.

नळ्या भट्टीत मी पिकवते. शिकलेली मी नाही; शाळा नववीला सुटली. सत्तावीस वर्षांपूर्वी या इमारतीत आले ती हे पांढरे सूट धुवायला. धुता धुता भट्टीकडे बघत राहिले, मग शब्दकोश मांडीवर घेऊन भट्टीचं पुस्तक वाचलं, मग एके दिवशी भट्टीवाला नोकरी सोडून गेला आणि सरांनी मला विचारलं, “छ्यूमेई, तुला जमेल?” माझा बाप शिनपूला पर्सिमनची फळं वाऱ्यावर सुकवायचा. कुठला वारा, किती ऊब, फळ कधी फिरवायचं, हे त्याने कधी कुठे लिहून ठेवलं नाही. भट्टी त्याहून फार वेगळी नसते. शिकलेल्यांना आकडा दिसतो, मला ती तापतानाच्या आवाजावरून कळते.

एका वेळी दोन चिपा करायच्या. दोघींवर सोन्याच्या रेघा सारख्या, पण नळ्या एकीवरच, दुसरी कोरी. कोरी गप्प राहिली आणि नळ्यांची बोलली, तरच नळ्या बोलल्या म्हणायचं. डोळ्यांना दोघी जुळ्या बहिणी. साध्या मायक्रोस्कोपमध्येही फरक कळत नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये कळतो, पण त्याच्या किरणाने नळ्यांवर काजळी धरते, म्हणून आमच्या लॅबचा पहिला नियम: बोलणारी चिप किरणाखाली घालायची नाही.

नियम सोपा होता. बोलणारी चिप आमच्याकडे एकच होती. सतरा नंबर.

सतरा नंबर पो-श्यूनची. यू पो-श्यून, रुई-लिनच्या दोन वर्षं पुढचा. हा पोरगा भट्टीशी गप्पा मारायचा. भट्टीवरची हिरवी पुडी तोच बदलायचा. यंत्रावर क्वाय-क्वाय नावाच्या कुरकुरीत खाऊची पुडी आमच्या गावात सगळेच ठेवतात. नावाचा अर्थच ‘शहाण्यासारखं वाग’. पण हिरवीच लागते, नारळाच्या चवीची. तारीख उलटलेली ठेवली की यंत्र रुसतं. पो-श्यून तारखेच्या आठवडाभर आधी नवी आणायचा आणि जुनी तिथेच उभ्या उभ्या खायचा. “भट्टीचा प्रसाद, ताई,” म्हणायचा आणि बोटं माझ्या नव्या सुटाला पुसायचा.

तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. सतरा नंबरची जोडी मी भट्टीतून काढली, पारदर्शक डबीत ठेवली. डावीकडे नळ्यांची, उजवीकडे कोरी. झाकण लावलं आणि झाकणावर, डाव्या बाजूला, नेहमीसारखा लाल ठिपका दिला. मग कडेला धुळीचा कण दिसला. मला धूळ सहन होत नाही. सूट धुणाऱ्या बाईची सवय. झाकण काढलं, फुंकणीने कण उडवला, झाकण लावलं, डबी पो-श्यूनच्या हातात दिली.

डबी चौकोनी असते. झाकण चारही बाजूंनी बसतं.

त्या संध्याकाळी तो मोजणीच्या खोलीतून ओरडत आला. “ताई! बोलली! सतरा बोलली!” सुटाची टोपी डोळ्यांवर आलेली. त्याने मला मिठी मारली. त्या सुटांत मिठी म्हणजे दोन उशा एकमेकींवर आपटल्यासारखं. “आणि कोरी?” मी विचारलं. “कोरी गप्प! ठार गप्प!” सर तैपेईला बैठकीत होते. रात्री दोनला त्यांनी फोनवर निरोप पाठवला: आणखी एकदा मोज. त्याने मोजलं. मग स्वतःच्या आनंदाने आणखी एकदा, आणखी एकदा. तीस तास तो मोजणीच्या सुयांपासून हलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला, आईला तोंडानेच सांगायचं म्हणून, स्कूटर काढून घरी निघाला. नदीवरच्या पुलावर वारा होता. या दिवसांत तो असतोच. त्याला वाऱ्याने ढकललं की झोपेने, हे पोलिसांनाही ठरवता आलं नाही.

सतराचा निबंध पुढल्या वसंतात छापून आला. त्याच्या नावाभोवती काळी चौकट. त्याच्या आईने पहिलं पान काच लावून देवघरात ठेवलं, धूपाच्या बाजूला. सरांनी तो निरोप फोनमधून पुसलेला नाही. बैठक चालू असताना ते कधीकधी टेबलाखाली फोन धरून बघतात. सगळ्यांना वाटतं, बातम्या बघताहेत.

आता माझं.

तो गेल्यावर महिन्याने त्याचा खण मी आवरला. सतराची डबी होती. बोलणारी चिप सरांनी काचेच्या कपाटात नेली होती, डबीत कोरी तेवढी राहिलेली. कोरीवर किरण टाकायला मनाई नाही. सोन्याच्या रेघा नीट आल्या होत्या का, एवढंच बघायचं म्हणून मी ती घातली. खरं तर घरी जावंसं वाटत नव्हतं.

कोरीवर नळ्या होत्या.

दाट, सरळ, एका उंचीच्या. माझ्या हातून इतकं चांगलं पीक आधी आलं नव्हतं, नंतरही नाही. मी खुर्चीवर किती वेळ बसले आठवत नाही. नळ्यांची चिप ती ही. पो-श्यूनने कोरी म्हणून मोजली, आणि ती ठार गप्प. बोलली ती दुसरी, जिच्यावर नळ्या नव्हत्याच. काय बोललं होतं देव जाणे, पण नळी नव्हती. म्हणजे जगात ती नळी एकदाही बोललेली नव्हती. धुळीच्या एका कणापायी एक पोर तीस तास जागं राहिलं होतं.

मी काय केलं? ती चिप पर्सिमनच्या पत्र्याच्या डब्यात घालून माझ्या कपाटात ठेवली. सरांना सांगितलं, कोरी फुटली. सर म्हणाले, जाऊ दे. मग मी एकच गोष्ट सुधारली: अठरा नंबरपासून खूण झाकणावर करायची सोडली. डबीच्या बुडावर सुईने ओरखडा काढायला लागले. बूड फिरत नाही.

उद्या सांगू, असं मी पहिल्या आठवड्यात म्हणत होते. मग निबंध निघू दे म्हटलं. मग पितरांचा महिना होऊ दे. माझी नेमणूक दरवर्षी नवी होते, हेही मनात होतं. ते लपवत नाही. आणि त्याची आई. तिच्या देवघरात ते पान होतं. एकदा गप्प बसलं की दुसऱ्या दिवशी तोंड उघडायला दुप्पट जोर लागतो. तीन वर्षांचा हिशेब तुम्हीच करा.

आणि त्या तीन वर्षांत रुई-लिन एकेक चिप करत गेली. अठरा ते अठ्ठावन्न. एक्केचाळीस.

त्या दिवशी कपडे बदलून आम्ही दोघी सरांच्या खोलीत गेलो. एकतीस जानेवारीला तिची सात वर्षं भरत होती. त्या तारखेपर्यंत प्रबंध नाही तर नाव कमी. नियम विद्यापीठाचा, त्यात दया नाही. बाहेरच्या परीक्षकाने तिचा मसुदा परत पाठवला होता, एकच प्रश्न लिहून: सतरा नंबरचं चित्र कुठे आहे?

“सर, सतराचा फोटो काढू द्या,” ती म्हणाली.

“काजळी धरेल. तुला माहीत आहे.”

“माहीत आहे. पण सुया त्याच, भट्टी तीच, हातही ताईंचाच. तरी एक्केचाळीसातली एकही बोलत नाही. माझ्यात काय कमी आहे ते तरी बघू दे.”

“तुझ्यात काही कमी नाही.”

“मग सतरात काय जास्त आहे?”

सर चहा ओतायला लागले. अडचण आली की आमचे सर चहा ओततात. पेले भरलेले असले तरी. ऊन चहा बशीत सांडला.

“सर, नळ्या का बोलत नाहीत, त्याचं कारण माझ्याकडे आहे,” रुई-लिन हळू म्हणाली. “नळीच्या बुडाशी, सोन्याला चिकटते तिथेच वीज अडते. आकडे आहेत, एक्केचाळीस वेळा तेच आलेत. त्यावर प्रबंध नाही का होणार?”

“झाला असता. चांगला झाला असता.” सर तिच्याकडे बघत नव्हते. “पण तिथे परीक्षक विचारणारच, मग सतरा कशी बोलली? आणि सतरा बोलली आहे. तू स्वतः मोजलीस. आजही बोलते.”

मी बशी पुसली. ती बशी मी फार वेळ पुसली.

“शिवाय ती चिप माझी नाही,” सर म्हणाले. “त्याच्या आईला मी शब्द दिलाय, तिला विचारल्याशिवाय हात लावणार नाही. मंगळवारी ती येतेच आहे, त्याच्या वर्षदिनाला. तिला विचार.”

हे त्यांनी कशासाठी म्हटलं, ते तिघांनाही कळत होतं. कुठली आई हो म्हणणार?

जिन्यात रुई-लिन थांबली. “मी काकूंना काय म्हणू, ताई? तुमच्या मुलाचं शेवटचं काम जरा करपवू का, असं?”

“जेवलीस का तू?”

“तुम्ही पण सरांसारखंच करता. ते चहा ओततात, तुम्ही जेवलीस का विचारता.” ती हसली, हसताना गालाची हाडं दिसली. “माझी आई रोज फोनवर विचारायची, बोलली का गं चिप? महिना झाला, विचारत नाही. ते जास्त वाईट.”

मग हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि गेली. आधीच्या दोन रात्री ती लॅबमध्येच जागी होती. तिची खोली नदीपलीकडे. मी वरच्या मजल्याच्या खिडकीतून पुलाकडे बघत राहिले, जणू इथून बघितल्याने कुणी पडायचं थांबतं.

मंगळवारी पो-श्यूनची आई आली. ठेंगणी, ताठ, केस कानापाशी कापलेले. हातात कापडात बांधलेलं भांडं, काखेत हिरवी पुडी. दरवर्षी ती हेच आणते: मुळा-तांदळाच्या वाफवलेल्या वड्या, त्याला आवडायच्या म्हणून, आणि भट्टीला नवी पुडी. तो गेल्यापासून पुडी बदलायचा मान तिचा.

“अगं, काय ही दशा!” रुई-लिनला बघून ती म्हणाली. “सर, पोरांना तुम्ही शिकवता की वाळवता? छ्यूमेईच्या बापाकडे तरी फळांना दोरी बांधून सावलीत ठेवायचे.”

“काकू, मी बरी आहे.”

“बरी माणसं वडी बघून मान फिरवत नाहीत. खा आधी.”

रुई-लिनने वडी हातात घेतली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. सातवं वर्ष, परीक्षक, किरण, काजळी. सर मध्येच म्हणाले, “नको वाटत असेल तर स्पष्ट सांगा, ताण घेऊ नका. कुणी काही म्हणणार नाही.”

पो-श्यूनच्या आईने भांड्यावरचं कापड मांडीवर घेतलं. मग त्याची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा लावून.

“बघू या की.”

“अं?” सर म्हणाले.

“सव्वीस वर्षं मी कारखान्यात तपासणीला होते, सर. दिवसाला तीन-तीन हजार चिपा या डोळ्यांखालून गेल्या. सगळ्या लोकांच्या. माझ्या पोराची एक बघायची राहिली. निबंधाचं ते पान मला एक अक्षर कळत नाही. चिप कळेल.”

सरांना आता माघार घेता येईना. मलाही.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप तळमजल्यावर आहे. तो मीच चालवते. सरांनी काचेच्या कपाटातून डबी आणली. सतराला त्यांनी तिच्या जुन्या डबीतच परत ठेवलं होतं, तिच्या लाल ठिपक्यासकट. रुई-लिनने चिमट्याने चिप उचलली, मी आत बसवली, दार बंद केलं, पंप लावला. आतली हवा काढायला दहा मिनिटं लागतात. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत लांब दहा मिनिटं ती नव्हेत. ती तीन वर्षांपूर्वी याच खुर्चीवर होऊन गेली होती. पण हीही काही आखूड नव्हती.

पो-श्यूनच्या आईला रिकामं बसवत नव्हतं. भिंतीच्या फळीवर अठरापासूनच्या डब्या मांडलेल्या. तिने एक उचलली, उजेडात धरली, उलटी केली. मग दुसरी. मग टेबलावरची सतराची रिकामी डबी घेतली, झाकण काढलं, एक फेर फिरवलं, लावलं. पुन्हा काढलं, फिरवलं, लावलं.

“हिची खूण झाकणावर,” ती म्हणाली.

“हो, काकू,” रुई-लिन म्हणाली.

“यांची बुडावर.”

“हो. अठरापासून ताईंनी बदललं. झाकणावरची पुसली जाते म्हणून ना, ताई?”

मी पंपाच्या काट्याकडे बघत होते. पो-श्यूनची आई फळीकडे वळली. डब्या होत्या तशा ओळीत लावून ठेवल्या, आकडे समोर करून.

हिरवा दिवा लागला. मी किरण सुरू केला. पडद्यावर करडं मैदान उमटलं, त्यावर सोन्याच्या रेघा, पांढऱ्या, सरळ. दोन टोकांना दोन चौक, जिथे नळ्यांची जुडी असायला हवी. पहिला चौक आला.

सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ.

“दुसरा घे,” सर म्हणाले.

दुसराही तसाच.

“मोठं कर.”

मी मोठं केलं. आणखी केलं. मोठं केल्याने नसलेलं दिसत नाही, हे आम्हा तिघांना ठाऊक होतं, तरी मी ते चक्र फिरवत राहिले आणि सर “अजून, अजून” म्हणत राहिले. रुई-लिन पडद्याजवळ सरकली. हातातली वडी तिने अजून खाल्ली नव्हती.

“डावीकडे ने,” पो-श्यूनची आई म्हणाली. तिने चष्मा कपाळावर चढवला होता. तिला जवळचं तसंच दिसतं. “मधे नको बघू, मधे सगळेच बघतात. कडेला घे. रेघेच्या सावलीत. हं. अजून. थांब.”

सोन्याच्या रेघेला लागून एक तुसासारखा धागा होता. साध्या मायक्रोस्कोपमध्ये सावलीत गडप होईल असा. मी त्याच्या मागे मागे गेले. तो या चौकापासून निघून कडेकडेने पार त्या चौकापर्यंत गेला होता. टोक टेकलं नव्हतं. टेकायला केसाचा शंभरावा भाग राहिला होता, निरोपाला उडी मारता येईल एवढाच.

“सोन्याचा किस,” ती म्हणाली. “जादाचं सोनं धुताना निघालं नाही. आमच्याकडे असा तुकडा थेट बादलीत.”

“म्हणजे निरोप...” रुई-लिनने पडद्याला बोट लावलं, या टोकाला, मग त्या टोकाला. “हवेतून नाही. हा तर...” तिने वाक्य सोडून दिलं. सगळं बिनतारी बोलणं त्या एका तारेवरून गेलं होतं, हे तिला कळलं होतं, आणि कळलं तरी समोर आई बसली होती.

“तीन वर्षं होऊन गेलीत,” सर म्हणाले. त्यांचा आवाज वर्गात शिकवतानाचा होता. “आपल्याकडचा हा दमटपणा. नळ्या झडूही शकतात. तसं घडल्याची उदाहरणं आहेत. तेव्हा यावरून आपल्याला काहीही...”

“झडल्या तर मुळं राहतात, सर,” रुई-लिन इतकं हळू म्हणाली की पंपाच्या आवाजात जेमतेम ऐकू आलं. “ठिपके राहतात.” आणि लगेच, “पण असेलही. झडल्याही असतील. मी परीक्षकांना लिहीन, चित्र काढता आलं नाही म्हणून.”

ती ते पो-श्यूनच्या आईकडे बघून म्हणाली. एकतीस तारखेला तिचं नाव कमी होणार होतं, आणि ती दुसऱ्याच्या मेलेल्या मुलाचं नाव सांभाळत होती. सर माझ्याकडे बघत नव्हते, मी सरांकडे बघत नव्हते. तीन वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून एका चिपला बोलकं ठेवलं होतं.

पो-श्यूनच्या आईने चष्मा खाली ओढला. पडद्याकडे आता ती बघत नव्हती. सतराची डबी तिच्या मांडीवर होती.

“पहिल्या दिवशी आम्हाला एकच शिकवलं होतं, छ्यूमेई,” ती म्हणाली. “कुणी रीत बदलली की विचारायचं, काल काय बिघडलं होतं?”

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने विचारलं, सव्वीस वर्षं विचारत होती तसं, आणि थांबली. तपासणीच्या बाकावर थांबतात तसं, उत्तर आल्याशिवाय पुढचा तुकडा न घेता.

पंप घुमत होता. रुई-लिनच्या हातातली वडी दबून बोटांतून बाहेर आली होती.

“सतरा कोरी आहे,” मी म्हटलं. “जी फुटली म्हणून मी सांगितलं ती नळ्यांची, आणि ती फुटली नव्हती. ती माझ्या कपाटात आहे, पर्सिमनच्या डब्यात. झाकण मी फिरवून लावलं होतं. तुमचा मुलगा ज्या चिपसाठी तीस तास जागा राहिला, तिच्यावर नळी नव्हतीच.”